वायरचं दुसरं टोक

पडद्यावर नाडीचा आकडा अडतीसवर आला आणि यंत्र ओरडू लागलं, तेव्हा चार नंबरच्या खाटेवरचे काका सिस्टरला विचारत होते, "चहा चालेल का हो मला?"

सकाळी छातीत जळजळ होते म्हणून त्यांना इमर्जन्सीत आणलं होतं. ईसीजी स्वच्छ निघाला. तरी दुपारपर्यंत बघू, म्हणून बोटाला क्लिप लावून ठेवलं होतं, एवढंच. काकू शेजारी स्टुलावर बसून होत्या. शाल घट्ट लपेटून, गप्प.

सिस्टरने काकांचं मनगट धरलं. नाडी टणटणीत. मिनिटाला पंचाहत्तर. पडदा म्हणत होता, छत्तीस.

"क्लिप सैल झाली असेल," पलीकडच्या खाटेवरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सिस्टर पडद्याकडे बघतच राहिली. सैल क्लिपची रेघ थरथरते, तुटते. इथे एकेक लाट ठसठशीत उठत होती. मग लांबलचक सपाटी, मग पुन्हा एक. कुणी जिना चढताना दर पायरीला दम खावा, तशी.

ही कुणाची तरी नाडी होती. काकांची नव्हती.

भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला. तिने काकांची चादर बाजूला केली. दहाही बोटं मोकळी होती. वायर कठड्यावरून खाली उतरली होती आणि काकूंच्या शालीत शिरत होती.

"काकू?"

"ह्यांचं बोट दुखायला लागलं त्या चिमट्याने," काकू ओशाळून म्हणाल्या. "काढला की यंत्र बोंब मारतं. म्हटलं, घटकाभर मीच लावते. त्याला काय कळतंय कुणाचं बोट!"

त्यांच्या ओठांना रंग नव्हता. हात गार पडला होता.

"तुम्हाला काही होतंय का?"

"छे गं. परवापासून नुसतं शांत वाटतंय. पाहुणे गेल्यावर घर होतं ना, तसं."

एकतीस. पुढची लाट यायला इतका वेळ लागला, की सिस्टरने काकूंच्या काखेत हात घातला. पुढच्याच क्षणी त्या तिच्या अंगावर कलंडल्या.

पाच नंबरची खाट. छातीवर एक पॅड, पाठीवर एक. बाहेरून विजेचे बारीक धक्के देऊन हृदय चालवणारं यंत्र सुरू झालं. दर धक्क्याला काकूंचा खांदा उडत होता.

"अहो, पेशंट मी आहे!" काका खाटेवर उठून बसले होते. "तिला काहीच झालेलं नाही. पेशंट मी आहे!"



काही वेळाने काकूंनी डोळे किलकिले केले. "कोण ठोठावतंय?"

"यंत्र आहे, काकू. बाहेरून धक्के देतंय."

"ते कळतंय मला. मी आतलं म्हणतेय."

सिस्टरने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. काकूंचं हृदय आपलं आपण चालू झालंय का, हे बघायचं तर यंत्र क्षणभर थांबवावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी थांबवायचं बटण दाबून धरलं; सोडलं की धक्के पुन्हा सुरू.

खांदा उडायचा थांबला. पडद्यावरची रेघ सपाट धावू लागली. एक सेकंद. दोन. काका अनवाणीच येऊन पायथ्याशी उभे राहिले होते. तीन. डॉक्टरीणबाईंचं बोट बटणावरून उचललं जाऊ लागलं.

"थांब ना, बाळ," काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. "येतोय तो."

आणि लाट उठली.