हजार किलोमीटरची सबुरी

"एकदाही नाही!" जगन्नाथ गाडीतून उतरायच्या आतच म्हणाला. "तीन हजार आरपीएमच्या वर गेलोच नाही, यूनुसभाई. आईशप्पथ!"

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या त्या गॅरेजात यूनुस मेकॅनिकने नुसतं "बरं" म्हटलं आणि मीटर वाचला. नव्या इंजिनावर हजार बारा किलोमीटर. इंजिन नव्याने बांधलंय, सुपरचार्जर पहिल्यांदाच बसवलाय, पहिले हजार बाळंतिणीसारखं जपा, असं त्याने दहादा बजावलं होतं. मागचं इंजिन जगन्नाथने दुसऱ्याच दिवशी दामटून मारलं होतं. हेही गेलं तर गाडी विकायची, हा मीनाक्षीचा शेवटचा शब्द. नवऱ्यासोबत ती आज तेवढ्यासाठीच आली होती.

"ट्रकवाले हॉर्न मारून पुढे गेले," जगन्नाथ सांगत होता. "काल तर स्कूल बसने ओव्हरटेक केलं. पोरांनी टाटा केलं मला!"

"व्हॉट अबाउट फ्रायडे, बाबा?" मागच्या सीटवरून लेक शर्वाणी म्हणाली. फोनमधून मान वर नाही. "यू डिड वन-सेव्हन्टी."

मीनाक्षीने चष्मा काढला आणि ओढणीला पुसायला घेतला. ती असा चष्मा पुसते तेव्हा घरातलं काहीतरी विकलं जातं, हे जगन्नाथला वीस वर्षांत पाठ झालं होतं.

"एकदाच," तो पुटपुटला. "अल धैदच्या रोडवर. मोकळा होता हो! पण ओढ काय, यूनुसभाई! पाठ सीटला चिकटली. आणि सुपरचार्जरची ती शीळ! काळीज हललं."

यूनुसने टेबलाचा खण उघडला. एक काळा, कोरा रबरी पट्टा काढून बॉनेटवर ठेवला.

"हे काय?"

"तुमच्या सुपरचार्जरचा पट्टा, शेठ. इंजिनात जादा हवा कोंबायची तर ह्यानेच तो फिरतो. ह्याच्याबिगर नुसता बसून असतो, जावयासारखा." यूनुसने हात पुसले. "मी घातलाच नव्हता. तुमचा पाय ओळखतो ना मी."

जगन्नाथने पट्टा उचलून उलटसुलट करून बघितला.

"मग ती शीळ?" मीनाक्षीने विचारलं.

"दॅट वॉज यू, बाबा," शर्वाणी म्हणाली. "विथ युअर माउथ."

यूनुसने डिपस्टिक काढून तेल बघितलं. बोटावर चोळलं. वास घेतला. "इंजिन शाबूत आहे, वहिनी. हवाच कोंबली नाय, तर बिघडणार काय?"

मीनाक्षीने चष्मा डोळ्यांवर चढवला. गाडी वाचली.

यूनुसने पट्टा बसवला, अंगठ्याने दाबून ताण बघितला, चावी फिरवली आणि ॲक्सिलरेटर दाबला. बॉनेटखालून अशी तीक्ष्ण, चढती शीळ उठली, की शेजारच्या गॅरेजातला वेल्डर तोंडावरचं झाकण वर करून बघायला लागला.

जगन्नाथने दोन्ही कानांवर हात दाबले.

"बंद करा, यूनुसभाई! खलास! आत काहीतरी मोडलंय!"