कौमुदीचा उपास

"समोर मुसलमान शेजार आहे, आधीच सांगतो," जिना चढता चढता एजंट कुलथे म्हणाला.

"आम्ही नाही हो असलं काही मानत," कौमुदी म्हणाली. "मंडई जवळ, स्टँड जवळ, अजून काय पाहिजे?"

कुलथेने तिच्या मनगटाला पातळ पट्टी चिकटवली. जागा मनाला रुचते की नाही हे हल्ली पट्टीच सांगायची, आणि घर बघायला येणाऱ्यांच्या पट्ट्यांवरूनच गल्लीला गुण मिळायचे. स्वयंपाकघरात पट्टी हिरवी होती. गॅलरीत तर हिरवीगार झाली.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

"मी रुकैया. आत या ना, गरम पोहे केलेत."

"नको हो, आज उपास आहे माझा," कौमुदी घाईघाईने म्हणाली. कुलथे जमिनीकडे बघू लागला. मघाशीच दोघांनी कोपऱ्यावर मिसळ खाल्ली होती.

"मग खजूर चालेल की!" रुकैया बशी घेऊन आल्या.

आता नाही म्हणता येईना. कौमुदीने एक खजूर तोंडात टाकला, गोड हसली आणि हळूच मनगटाकडे पाहिलं. पट्टी लालभडक झाली होती. तिने ओढणी पुढे ओढली, पण रुकैयांनी ते आधीच पाहिलं होतं.

"राहू द्या, ताई. आमच्या दारात सगळ्यांचीच लाल होते," त्या म्हणाल्या आणि बी टाकायला त्यांनी आपला तळहात पुढे केला.