सुवार्ता सिस्टरची सही

ऑपरेशनच्या संमतीच्या फॉर्मवर सही करायची सोडून याकोब साळवे नुसतं पेनाचं टोपण उघडमिट करत होते. शेजारी त्यांची बायको, सुवार्ता. तीस वर्षं तिने ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून काढली होती. असे फॉर्म शेकडो नातेवाइकांकडून भरून घेतले होते. आज पेशंट तीच होती.

"डॉक्टर, आडपडदा नको," ती म्हणाली.

"सिस्टर, किडनीतला कॅन्सर फुप्फुसात गेलाय. किडनी काढली तरी तो राहणारच. टेबलावर खूप रक्त जाऊ शकतं. उरलेली किडनी बंद पडू शकते. जखम लवकर भरली नाही, तर कॅन्सरची औषधं सुरू करणंही लांबेल."

"आणि नाही काढली तर?"

"लघवीतून रक्त जातच राहील. दर आठवड्याला रक्त चढवावं लागेल."

"राहू दे गं," याकोब पुटपुटले. "आहेस तेवढे दिवस डोळ्यांसमोर राहा."

तिने त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. "अहो, बाटल्यांवर किती दिवस काढू? जोखीम माझी, सहीही माझी."

ऑपरेशन पाच तास चाललं. नंतरचे दोन दिवस लघवी झालीच नाही. डायलिसिसची तयारी सुरू झाली. याकोब बाहेर बाकावर प्रार्थना करत बसले.

तिसऱ्या सकाळी नळीतून पिशवीत पिवळी, स्वच्छ धार उतरू लागली. रक्ताचा थेंबही नव्हता. ड्यूटीवरची नर्स याकोबना सांगायला धावत निघाली.

"आधी माप लिही," सुवार्ता खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "मग सांग त्यांना."