दुसरी फाइल

“अण्णा, तू खरंच परत येणार आहेस का रे?” हे मोठ्या भावाला तोंडावर विचारून दाखव, अशी पैज भव्याच्या मैत्रिणींनी लावली होती, आणि पैजेतून मागे हटेल ती भव्या कसली.

दोन दिवसांनी चेन्नईला अण्णाचा, म्हणजे अभिराजचा, परदेशी शिकायला जाण्यासाठी व्हिसाचा इंटरव्ह्यू होता. अप्पांनी मल्लेश्वरमच्या दुकानातून कागदपत्रांसाठी दोन निळ्या फाइली आणल्या होत्या, एक त्याच्यासाठी आणि दुसरी दोन वर्षांनी जायला आत्तापासूनच उतावीळ झालेल्या भव्यासाठी. संध्याकाळी भव्या अप्पांचा ढगळ कोट चढवून व्हिसा ऑफिसर झाली आणि तिने ठसक्यात इंग्रजीत विचारलं, “शिकून झाल्यावर काय करणार?”

अभिराजने पाठ केलेलं इंग्रजी उत्तर घडाघडा म्हटलं. आईवडील इथे आहेत, घर इथे आहे, मी एकुलता एक मुलगा, शिकून परतच येणार.

“सरी, छान, स्वल्प सावकाश बोल,” अप्पा खुशीत, नेहमीसारखं कानडी मिसळत म्हणाले. आईने हळूच डोळे टिपले.

मग भव्याने कोट उतरवला आणि हसत हसत पैजेचा प्रश्न घरच्या मराठीत विचारला.

अभिराजने फाइलीची नाडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. “आई, चहा टाकतेस का गं?” एवढंच तो खाली बघत म्हणाला. आई जागची हलली नाही. अप्पा उगाच पंख्याकडे बघत राहिले.

 

“अप्पा, आई,” भव्या म्हणाली, “ती दुसरी फाइल दुकानात परत देऊन या. मी इथेच शिकणार आहे.”