कोर्ट उठेपर्यंत

“गुन्ह्याच्या रकान्यात ‘मारहाण’ लिहिलंय तुम्ही. तेही इतक्या वळणदार अक्षरात!” लॉ कॉलेजच्या प्राचार्यांनी शालनताईंचा प्रवेशाचा अर्ज चिमटीत धरला होता.

“टँकरवाल्याच्या डोक्यात घागर घातली, सर. पण रिकामी होती.”

“म्हणून काय झालं?”

“भरलेली असती तर घातलीच नसती. घरी नेली असती.”

प्राचार्यांना ठसका लागला. शालनताईंनी पदर सावरला. घरचं सगळं आवरून, मुक्त विद्यापीठातून बीए होऊन त्या पंचेचाळिशीत इथवर आल्या होत्या. एका घागरीपायी माघारी जायची त्यांची तयारी नव्हती.

“शिक्षा काय झाली?”

“थोडा दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायचं. बसले. बांधाची भांडणं ऐकली, घटस्फोट ऐकले, वकिलांची तारखांसाठी रडगाणी ऐकली. संध्याकाळी जज्जसाहेब उठले, तर मलाच उठवेना. शेवटी पोलीस म्हणाला, ‘मावशी, सुटलात की! जा आता घरी!’”

“मग गेलात?”

“गेले. आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत आले. तेव्हापासून जमेल तेव्हा जाऊन बसते. शिक्षा एकाच दिवसाची होती, बाकीचं सगळं हौसेनं.”

हसू दाबत प्राचार्य खुर्चीतून उठले. “बरं, विचार करून कळवतो. या तुम्ही.”

शालनताई जागच्या हलल्या नाहीत. उलट पर्स मांडीवर घेऊन आणखी ऐसपैस बसल्या.

“तुम्ही उठलात, सर. पण निकाल कुठं दिलात?”

प्राचार्य मुकाट्यानं परत खाली बसले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.