पाचवा ‘का’

सुधारणेला अंत नसतो. हे वाक्य मृणालीने रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर रंगवायला दिलं होतं. ‘सुधारणेला अंत’ इथवर आल्यावर रंगाचं अनुदान संपलं. ‘नसतो’ पुढच्या आर्थिक वर्षात येणार होतं.

आज मूल्यांकन होतं. संगमेश्वरच्या अलीकडे, उघड्या कातळावर एकटंच उभं असलेलं ते सरकारी रुग्णालय सकाळपासून फिनेलने घमघमत होतं. गुणवत्ता कक्षात, म्हणजे पूर्वी सलाइनचे खोके ठेवत त्या खोलीत, मृणाली लॅपटॉपपुढे बसली होती. पडद्यावर मुंबईचे साहेब होते. विषय होता, बाळंतिणींना थांबावं का लागतं.

शेजारच्या खोलीत गोदा नावाची बाळंतीण थांबली होती. ती ओरडायची तेव्हा मृणाली माइक बंद करायची.

“ऑपरेशन थिएटरचे फोटो पाहिले,” साहेब म्हणाले. “फारच सुंदर.”

सुंदर होतंच. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला पिवळी चौकट. टेबलाशी डॉक्टरांनी उभं राहायचं तिथे दोन पिवळी पावलं काढली होती. माप कोणाचं घ्यायचं म्हणून रंगाऱ्याने मृणालीलाच उभं केलं होतं.

दार लोटून वेदिका सिस्टर आत डोकावल्या.

“मॅडम, मूल आडवं आहे. ठोके कमी व्हायला लागलेत. टेबल लावलंय, भुलीचे डॉक्टरही येऊन बसलेत.”

“माहितीये.”

“मग काय करू?”

“जरा थांबा.”

“थांबायचं ते पोटातल्याला सांगा,” सिस्टर पुटपुटल्या आणि गेल्या.

मृणाली पडद्याकडे वळली. “सर, मी पाऊण तास बाहेर जाऊन येऊ का? लेबर रूममध्ये…”

“पाऊण तास?” साहेबांनी चष्मा काढला. “तिथे सिस्टर आहेत ना? ज्याने त्याने आपापल्या जागी असावं, हेच तर आपण शिकवतो. शिवाय मागच्या वेळचं लक्षात आहे ना, मॅडम?”

लक्षात होतं. मागच्या खेपेला ती बैठक सोडून लेबर रूमकडे धावली होती. रुग्णालयाचे गुण गेले आणि तिला ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. आणखी एक आली तर निलंबन, असं जिल्ह्याच्या ऑफिसातून प्रेमाने कळवलं होतं.

ती बसून राहिली.

“चला, मूळ कारण शोधू,” साहेब म्हणाले. “पाच वेळा ‘का’ विचारायचं. बाळंतीण का थांबते?”

“सिझर होत नाही म्हणून.”

“का होत नाही?”

“करायला डॉक्टर नसतात म्हणून.”

“का? पद रिक्त आहे?”

“नाही सर. भरलेलं आहे.”

“मग डॉक्टर का नसतात?”

“दुसऱ्या कामात असतात म्हणून.”

“खाजगी?”

“नाही सर, सरकारीच.”

“मग आपण काय बोलणार!” साहेब हळहळले. “तरी पाचवा ‘का’ राहिला. विचार करून लिहा. तोवर मी चहा घेतो.”

पडदा रिकामा झाला. कॅमेरा चालूच होता. तेवढ्यात गंगुबाई, गोदाची सासू, चपला दाराबाहेर काढून आत आली. दारावर ‘चपला बाहेर काढा’ लिहिलं होतं, आणि ती सांगितलेलं ऐकणाऱ्यांतली होती.

“गो बाय, डॉक्टर कवा येयाचे?”

मृणालीने तिच्याकडे बघायचं टाळलं. “डॉक्टर कामात आहेत, आजी.”

“कामात म्हंजे? माझी सून मगाधरनं तडफडतेय, ती काय खेळतेय?”

“तुम्ही तिला रत्नागिरीला न्या. अँब्युलन्स देते.”

“त्या रस्त्यानं? खड्ड्यांतच बाळंत होयाची ती!” गंगुबाईने पदराने तोंड पुसलं. “हितं एवढं चकाचक केलंत, फरशीत माझं थोबाड दिसतंय. डॉक्टर तेवढा ठेवायचा विसरलात काय गो?”

मृणालीच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. पडद्यावर साहेब परतले.

“कोण आहे ते?”

“लाभार्थी आहेत, सर.”

“वा! लोकसहभाग!” साहेबांनी हात जोडले. गंगुबाईनेही सवयीने जोडले आणि ती निघून गेली.

शेवटी गोदाला घेऊन अँब्युलन्स बाहेर पडताना खिडकीतून दिसली. ड्रायव्हर काशीरामने भोंगा लावला होता. कातळावर त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. साहेबांनी तो ओसरेपर्यंत थांबण्याचं सौजन्य दाखवलं.

दुपारी काशीरामचा फोन आला. निवळीच्या घाटात गाड्या खोळंबल्या होत्या. गोदा वाचली होती. मूल नाही. मृणालीने फोन खाली ठेवला, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले आणि पुन्हा येऊन बसली.

समारोपात साहेब प्रसन्न होते. बाळंतीण रत्नागिरीला गेल्यामुळे आज इथे थांबलेलं कोणीच नव्हतं, आणि असा निकाल विभागात कोणाचाच नव्हता.

“पाचव्या ‘का’चं काय झालं? डॉक्टरांना दुसऱ्या कामाला का लावलं?”

“बाळंतिणींना फार थांबावं लागतं म्हणून, सर.”

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि मान डोलावली. “खोलवर गेलात. हे गुणवत्तेचं काम पुढची तीन वर्षं तुमच्याकडेच ठेवू या.”

मृणालीने आभार मानले. त्या रुग्णालयात बाळंतपणाची डॉक्टर एकच होती, आणि ती म्हणजे मृणाली.