खरी पोलीस

"काकाजी, दार उघडा. मी पोलीस आहो," दामिनी खिडकीच्या जाळीतून म्हणाली.

आत केवलराम खुर्चीत ताठ बसले होते. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली लुंगी. समोर टेबलावर तांब्याला टेकवलेला मोबाईल होता आणि त्यात वर्दीतला एक माणूस. त्याच्या मागे झेंडा, बाजूला फायली. कालपासून तो तिथेच होता आणि केवलरामही तिथेच होते.

"उधर मत देखिए, केवलराम जी," मोबाईलमधला माणूस शांतपणे म्हणाला. "नकली पुलिस घूम रही है. मेसेज आते ही नंबर पढ़िए. बस, आपका काम ख़त्म."

केवलरामांच्या हातात बटणांचा जुना फोन होता. त्यावर नंबर यायचा होता. तो मोठ्यानं वाचला की भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर होताना मिळालेला सगळा पैसा त्या माणसाकडे जाणार होता. केवलरामांना मात्र सांगितलं होतं की पैसा सरकारजमा राहील आणि चौकशी संपली की परत मिळेल. त्यांच्या नावाच्या पार्सलात नशेचं सामान सापडलं होतं म्हणे.

शेजारच्या तुळसाबाई दामिनीच्या मागे उभ्या होत्या. गोंदियाहून केवलरामांच्या मुलीनं, नूतननं, त्यांना फोन केला होता. बाबा कालपासून फोन उचलत नाहीत, जरा पाहता का. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि ठाण्याला कळवलं. ठाण्यातली बाकी माणसं गावाबाहेर रसमड्याला कुणा मंत्र्याच्या बंदोबस्ताला गेली होती. दामिनी एकटीच आली.

"भाऊजी, थे खरीच हाये," तुळसाबाई म्हणाल्या. "मीच बलावली तिले."

"तुमाले काई समजत नाई, वहिनी. तुमी घरी जा."

तुळसाबाई दामिनीकडे वळल्या. "कोनाले बी फोन लावा, घंटीच्या आधी सरकारची टेप हेच सांगून राहिली होती ना, फसू नोका म्हनून. पन आयकते कोन? सारे घंटी वाजाची वाट पायतेत."

दामिनीनं ओळखपत्र काढून जाळीला लावलं.

"साहेबानंबी असंच दाखवलं," केवलराम म्हणाले.

"माही वर्दी पाहा."

"साहेबाची बी हाये."

दार लोखंडी होतं, आतून कडी घातलेली. दामिनीनं टोपी काढून हातात धरली आणि आवाज आणखी खाली आणला. घरी वडिलांशी बोलते तशी ती बोलली. "काकाजी, मी बी आपल्यातलीच आहो. माहे बाबा भंडाऱ्याकडचे. तुमी कोन्या गावचे?"

केवलरामांनी पहिल्यांदा मान वळवली. तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर सैल झाला आणि पुन्हा होता तसा झाला.

"इथंच चुकली तू, पोरी," ते म्हणाले. "उभा जन्म गेला माहा भिलाईत. ठान्यात कोनी मराठी बोलते का? मराठी आपन घरी बोलतो. पोलीस हिंदीत बोलते."

"शाबाश," मोबाईलमधला माणूस म्हणाला. त्याला मराठी किती कळलं कोण जाणे.

हातातल्या फोनवर मेसेज वाजला. केवलरामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

दामिनीनं टोपी घातली. काठी उचलली आणि दारावर हाणली. पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

"ए केवलराम! दरवाज़ा खोल! सुनाई नहीं देता क्या? फोन रख नीचे. उठ! घसीट के ले जाऊँ क्या थाने?"

तुळसाबाई दोन पावलं मागे सरकल्या.

हा आवाज दामिनीकडे होता. चौकात, बाजारात, भाजीच्या गाड्यांपुढे तो रोज लागायचा. घरी जाताना ती तो ठाण्यातच ठेवून जायची.

"मत खोलिए," मोबाईलमधला माणूस घाईनं म्हणाला. "आप बैठे रहिए, नंबर बताइए."

केवलरामांनी एकदा मोबाईलकडे पाहिलं, एकदा दाराकडे. आतला माणूस 'आप' म्हणत होता. बाहेरची बाई 'तू' म्हणत होती.

त्यांनी हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला.

"जी, आया," ते म्हणाले. त्यांनी कडी काढली.

दामिनी आत शिरली. तिनं मोबाईल उचलला तेव्हा त्यात काही नव्हतं. माणूस नाही, झेंडा नाही. खोलीत कोंदट वास होता. ओट्यावर कालचा भात झाकून ठेवलेला होता, त्याला हात लागलेला नव्हता.

"नंबर सांगितला का?"

"नहीं, मैडम."

"एकबी आकडा नाई?"

"नहीं, मैडम. आपने बुलाया, मैं आ गया."

पैसा जागेवर होता. तिनं नूतनला फोन लावला, दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडे नूतन रडत होती, ते खोलीभर ऐकू आलं. केवलरामांनी तिकडे पाहिलं नाही. ते भिंतीला लागून उभे होते, हात मांड्यांना चिकटवून.

"झालं आता, काकाजी," दामिनी म्हणाली. "थो चोर होता. तुमचं काई गेलं नाई. बसा."

ते उभेच राहिले.

तुळसाबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. ते दामिनीकडे बघत होते.

दामिनीनं खुर्ची ओढून त्यांच्यामागे लावली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा ना, बाबा. उपाशीपोटी पडान."

ते हलले नाहीत.

तुळसाबाई दामिनीकडे पाहत राहिल्या. दामिनीनं खांद्यावरचा हात काढून घेतला. ती जरा मागे झाली, सरळ उभी राहिली.

"बैठ," ती म्हणाली.

केवलराम बसले.